पळसदेवच्या वाटेवरचा चौकोन

सकाळी कऱ्हाटीहून एसटीने निघालो, बारामतीत गाडी बदलली आणि भिगवणवरून पळसदेवला पोचलो. बरोबर नात ऋतुजा. ती इंजिनिअरिंगला आहे. चालत्या गर्दीत एक मीटरच्या चौकोनात किती माणसं मावतात, ते तिला मोजायचं होतं. मला देऊळ बघायचं होतं.

उजनीचं पाणी उतरलं की हे जुनं देऊळ उघडं पडतं. वाळलेल्या गाळातून तिथे एकच चिंचोळी वाट. जाणारे-येणारे समोरासमोर अडकतात. व्यवस्था बघणारे तात्या ऋतुजाला म्हणाले, "गर्दी लई हाय असं समदीच सांगत्यात. तू आकडा दाव. दुसरी वाट कराया मुरूम टाकणारा ट्रॅक्टर बोलावतो. पण बाराच्या आत, मग त्यो उसाला जातो."

ऋतुजाने फक्कीने (चुन्याची पांढरी पूड) वाटेत चौकोन आखला आणि फोटो काढायला मोबाइल घेऊन उंचवट्यावर उभी राहिली. तासाभरात चौकोनात एकही माणूस आला नाही. कडेने चेंगरत होते, पण आत पाय नाही. एकीने त्यात हळद-कुंकू वाहिलं, एका म्हाताऱ्याने नारळ ठेवला.

"आजोबा, आत पाय टाका ना!" ऋतुजा ओरडली.

"आखल्यालं हाय, पोरी. पाय कसा टाकू?"

"अहो, तो देव नाही, माझा अभ्यास आहे!"

"मग तर अजाबात न्हाय."

अकरा वाजले. पोरगी रडकुंडीला आली. मी नारळ पिशवीत टाकला, पायाने फक्की पुसली आणि आमच्या दोघींच्या चारही चपला चार कोपऱ्यांना गाळाच्या भेगांत उभ्या खोचल्या. चपलेला कोण हळद वाहतंय? लोक बिनधास्त आत घुसले. चार, पाच, शेवटी सात.

तात्यांनी फोटो पाहिले. "सात? एवढ्यात माझी म्हस बसत न्हाय!" त्यांनी लगेच फोन लावला.

दुपारी एका वाटेने लोक जात होते, दुसरीने येत होते. तळवे भाजले, पण कुणाचा धक्का न लागता मी हात मोकळे सोडून देवळात गेले. नंतर तळलेली चिलापी (उजनीतला मासा) आणि भाकरी खाल्ली. चपला तीनच सापडल्या. हरवलेली माझी.

माणसं माणसाला धक्का मारतात आणि रेघेला वळसा घालतात. त्यांना शिकवत बसण्यापेक्षा वाट रुंद केलेली बरी.

घरी आल्यावर नारळ फोडून चटणी वाटली. ऋतुजा घाबरली. "आजी, तो देवाचा होता ना?"

"अभ्यासाचा व्हता. खा, पास व्हशील."