पत्रकाची कोरी बाजू

वाशीमला कलेक्टर कचेरीसमोर आमचं धरणं चालू होतं, तेव्हा तो रोज समोरच्या कडुलिंबाखाली येऊन बसायचा. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, पन्नाशीचा माणूस. मी दिलेलं पत्रक तो दोन्ही हातांनी घ्यायचा, लगेच उलटं करायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सारेगम लिहायचा. एकट्या क्लॅरिनेटसाठी, ना ढोल ना ताशा. मग वाजवून बघायचा. बोटं अशी पळायची की आमच्या घोषणा थांबायच्या. तिसऱ्या ओळीवर त्याचा दम संपायचा. तोंड पुसून पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या सात मागण्या रोज पालथ्या पडलेल्या पाहून एक दिवस मी भडकलो.

"काका, जनतेला कळेल असं काही लिहा. हे तर तुम्हालाच वाजवता येत नाही."

"नाई येत आजून," तो शांतपणे म्हणाला. "बँडात चुकलो तं ढोल झाकून घेते. इथं झाकाले कोणी नाई. तुमच्या मागण्या झाल्या का मान्य, भाऊ?"

"नाही."

"मंग सोप्या काहून नाई करत?"

शासनावर मी तासभर बोलू शकतो. यावर मी हातातली उरलेली पत्रकं नीट जुळवू लागलो. तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला होता.

पुढच्या आठवड्यात आठवी मागणी आली. पत्रकाच्या मागच्या बाजूला छापू, असं सगळे म्हणाले. मी कडाडून विरोध केला आणि ती पुढेच बारीक अक्षरात कोंबली. तिसरी ओळ पार झाली, की त्याला चौथीसाठी जागा लागणार होती.