अक्रोडाची फळी

आमच्या सौंसर गावात लाकूड म्हणजे सागवान. माझ्या मोठ्या भावाने सुतारकामात दुसरं काही फारसं हाताळलेलंच नव्हतं. बाबा ट्रकवर होते; संत्री घेऊन जम्मूला गेले तेव्हा परतीला अक्रोडाची एकच फळी घेऊन आले. ती माळ्यावर पडून राहिली आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बाबांचा हात फार पटकन उठायचा आणि बहुतेक वेळा भावाच्याच गालावर पडायचा.

मग लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. यंदा दिवाळीला मी माहेरी होते, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आधी फळी दाखवली, मग आईचे गुडघे. तिला बसायला स्टूल हवं होतं. भाऊ हरखून गेला. बाबांनी एकदा तरी पसंतीची मान हलवावी, एवढ्यासाठी तो जन्मभर झुरला होता.

रंधा लोण्यातून फिरावा तसा फिरला. फळी कुठे चिरली नाही, तपकिरी अंगावर काळसर लाटा उमटल्या. भाऊ शीळ घालायला लागला आणि इतकं सगळं सुरळीत चाललेलं पाहून मला धास्ती वाटली. स्टुलाच्या बैठकीचे दोन तुकडे त्याने गोंदाने जोडले, लोखंडी शिकंज्यात आवळले, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला आणि जेवायला गेला. सागवानाला असंच करतात, त्याला काही होत नाही.

शिकंजा सोडला तर खाली शाईसारखा डाग.

"ओल्यात लोखंड लागलं, काळं पडलं व," तो कुजबुजला. बाबा समोरच खाटेवर होते.

"रंधून टाक ना," मी म्हटलं.

"लय पातळ होईन. आई बसली का मोडन."

आई म्हणाली, "कपड्याचा गंज निंबूनं जाते. घासून पाह्य."

बाबांकडे पाठ करून तो घासत राहिला. डाग राखाडी झाला, पण गेला नाही. तेवढ्यात खाट करकरली. बाबा खुणेने बोलावत होते.

भावाने बैठक त्यांच्यापुढे धरली. "बाबा, माह्या हातानं खराब झालं."

बाबांनी डावा हात उचलला. केस पिकलेल्या माझ्या भावाने डोळे गच्च मिटले आणि खांदा वर करून गाल झाकला.

तो हात लाकडाकडे निघाला होता. तो मध्येच थांबला. बाबा भावाकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, पुन्हा हलले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि आता म्हणता येत नव्हतं.