हिरामण सुपडू देवरे हे नाव मी बनवलं होतं

मी प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटी बघतो. वीस वर्षं रिजेक्शनची कारणं शोधायचा धंदा आहे माझा, आणि कारण सापडलं नाही असं फारसं झालेलं नाही. कोणी भुताचा किस्सा सुरू केला की मी चहा घ्यायला उठतो. या सदरातले अनुभव वाचून बायकोजवळ कुत्सितपणे हसलोही आहे. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

मूळचा नाशिकचा. नऊ वर्षांपासून सिल्वासाला — घर डोकमर्डीत, कंपनी सायलीत. फावल्या वेळात कथा लिहितो. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी राजकारणावर दीर्घकथा लिहायला घेतली. खानदेशातला एक साधा माणूस, पॅकिंगवरचा कामगार, गावी जाऊन पुढारी होतो, आमदारकीला पडतो आणि संपतो. कथा झरझर सुटत गेली, फक्त नावं काही केल्या जमेनात. मी ठेवलेली नावं ऐकून आमचा मोल्डिंग ऑपरेटर गुलाबभाऊ — शिंदखेड्याकडचा माणूस — पोट धरून हसला.

"विक्रांत राजेपाटील? साहेब, हा तं पिक्चरचा व्हिलन झाला! आमच्याकडे बॅनरवर बापाचं नाव पायजे. नाही तं लोक विचारता, हा कोणाचा कोण?"

बरोबर होतं त्याचं. खरा पुढारी तीन नावांचा असतो — स्वतःचं, बापाचं, आडनाव — आणि वर आबा नाही तर अण्णा. मग मी एक युक्ती काढली. लेबर कॉन्ट्रॅक्टरचं जुनं हजेरीपुस्तक घेतलं. सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर मुन्शी लाल रेघ मारतो. कामावर असलेल्या माणसाचं नाव नको, उगाच कोणाला राग यायला नको, म्हणून मी फक्त रेघ मारलेली नावंच घेतली. एका पानावरून हिरामण, दुसऱ्यावरून सुपडू, तिसऱ्यावरून देवरे. हिरामण सुपडू देवरे! उच्चारताच माणूस समोर उभा राहिला. कॉम्प्युटरवर सगळं रेकॉर्ड तपासलं — या पूर्ण नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. स्वतःवर बेहद्द खूश झालो मी.

कथेत त्याच्या डाव्या हाताची करंगळी कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेली दाखवली. आणि शेवट असा — निवडणूक हरल्यावर तो परत सिल्वासाला येतो, भर दुपारी दमणगंगेच्या पुलावर चपला काढून उभा राहतो, आणि पाय भाजतायत एवढंच त्याला जाणवतं. पुढे काही नाही. कथा मी मेलने पाठवली. संपादकबाईंचा फोन आला, "शेवट अप्रतिम आहे हो." त्या आणि मी सोडून कथा कोणी वाचलेली नव्हती. बायकोनेसुद्धा नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास गेटवरून वॉचमनचा फोन. एक बाई आलीय, माणसाची चौकशी करतेय, एचआरवाले सुट्टीवर, तुम्ही बघता का? मी गेलो. तीस-बत्तीसची असेल. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. नाव मंगलबाई, साक्री तालुक्यातली.

"मना घरवाला तुमच्या कंपनीत व्हता साहेब. पॅकिंगला. दोन महिने झाले, फोन नाही, काही नाही."

"नाव काय त्याचं?"

"हिरामण सुपडू देवरे."

मला वाटलं गुलाबभाऊने चेष्टा लावलीय. इकडेतिकडे बघितलंसुद्धा मी. पण तिने पिशवीतून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. तेच नाव, तिन्हीच्या तिन्ही. फोटो काळा पडलेला, चेहरा कळत नव्हता.

"त्याची काही खूण?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं… तरी विचारलं.

तिने आपला डावा हात वर केला आणि करंगळी मुडपून दाखवली. "कुट्टी मशीनमधी गेली."

शेवटचा फोन कधी आला, काय बोलला, विचारलं. ती म्हणाली, "दुपारचा व्हता. म्हणे, पुलावर हुभा हाये. चपला काढल्या, पाय जळताय. मी म्हटलं, मंग घाला ना चपला! तं फोन कट झाला."

ती रडली नाही. तेच जास्त भयंकर होतं. पोलिसांत गेली होती. ते म्हणाले, कंपनीत होता असा कागद आणा, मग शोधू. तेवढ्या एका कागदासाठी ती एसटीने इतक्या लांब आली होती. आणि तो कागद मी देऊ शकत नव्हतो, कारण रेकॉर्डमध्ये तो माणूसच नव्हता.

"येवढंच सांगा साहेब, तो हाये का नाही? हे कुंकू ठेवू का पुसू? सासू रोज विचारती."

चौकशी करतो म्हणालो. दुसरं काय बोलणार? तिने गेटच्या रजिस्टरमध्ये नाव आणि मोबाईल नंबर लिहिला आणि गेली. मी तडक गुलाबभाऊला गाठलं. हिरामण देवरे नावाचा कोणी होता का?

"हिरामण ना? पॅकिंगचा? होता ना. एक बोट नव्हतं त्याला. तुम्हीच तं त्याला रोज राम राम घालत होते, साहेब!"

मी? मला असा कोणी माणूस आठवत नाही. आजही नाही.

संध्याकाळी मी संपादकबाईंना फोन केला. कथेत बदल करायचाय म्हटलं. त्या म्हणाल्या, "पानं अजून लागायचीत. नाव बदलायचं तर आत्ताच सांगा, इथून करून टाकते. शेवट बदलायचा असेल तर नवा मजकूर उद्या सकाळपर्यंत द्या. पण खरं सांगू? शेवटाला हात लावू नका, त्यातच सगळं आहे."

आता खरं ते लिहितो. मला शेवट बदलता आला असता. एक रात्र जागायची होती, चार ओळी लिहायच्या होत्या — तो चपला घालतो, एसटी स्टँडवर जातो, साक्रीची गाडी धरतो. एवढंच. पण तो शेवट मला जमला होता हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं. मी मनाला समजावलं, दोष नावाचा आहे, नाव निघालं की तो माणूस सुटला. म्हणालो, "नाव काढा. सगळीकडे नुसतं 'आबा' करा."

सोमवारी गुलाबभाऊला म्हटलं, हिरामणबद्दल अजून काही आठवतं का, त्या बाईला सांगायला होईल.

"कोण हिरामण?"

"अरे, पॅकिंगचा. करंगळी नसलेला."

"असा कोणी नव्हता आपल्याकडे." तो माझ्याकडे काळजीने बघत होता. "बरं नाही का, साहेब?"

मी गेटवर धावलो. रजिस्टर उघडलं. शनिवारची नोंद होती. मंगलबाई, तीन वाजून दहा मिनिटं, मोबाईल नंबर. कोणाची चौकशी, तो रकाना कोरा. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, बाई आली होती खरी, कशाला ते आठवत नाही.

अंक निघाला. कथेचं कौतुक झालं, शेवटाचं तर फारच. हे सगळं का घडलं, मला सांगता येत नाही. योगायोग म्हणावा तर किती योगायोग? मला भास झाला म्हणाल, तर रजिस्टरमधला तो नंबर माझ्या हस्ताक्षरात नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा… मी थकलोय.

त्या नंबरवर मी फोन केला होता, त्याच सोमवारी दुपारी. आवाज तिचाच. मी म्हटलं, सिल्वासाहून बोलतोय, हिरामण सुपडू देवरेंबद्दल.

"कोण? ह्या नावाचं इथं कोणी नाही, भाऊ," ती शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात मागून एका लहान मुलीचा आवाज आला. "माय, पप्पाचा फोन शे का?"

"नही वं," ती तिला म्हणाली. "राँग नंबर शे."