येतो म्हणा

नातीची गाडी विजेवरची, तिला ना वास ना आवाज. पण काल शेजाऱ्याने गवत कापायच्या मशीनमध्ये पेट्रोल ओतलं, आणि मला आमचे हे आठवले.

हे गॅरेजात कामाला होते. एक जुनी बीटल गाडी आणली आणि वरचा सगळा पत्रा कापून टाकला. मी म्हटलं, "अहो, चांगली गाडी सोलली की तुम्ही!"

"हलकी झाली की वाळूत पळते गं."

तेव्हा इथे परदेशात लोक अशाच गाड्या घरी बनवायचे आणि वाळवंटात शर्यत लावायचे.

तिथे शर्यत सुटताना हे ओरडले, "जातो गं!"

"येतो म्हणा!" मी ओरडले. इंजिनाचा एवढा आवाज, यांचं नुसतं तोंड हललेलं दिसलं. मग धूळ.

मी पाण्याच्या कॅनवर दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी लोकांनी गाडी दोरीने ओढत आणली. ती उलटली होती. हे जागीच गेले होते.

पुढे लोकांच्या पोळ्या लाटून मुलाला वाढवलं. मनात एकच, यांनी येतो म्हटलं नाही.

सकाळी नात "बाय आजी" म्हणाली. "येते म्हण," मी म्हटलं. "येते," ती म्हणाली, अगदी स्पष्ट ऐकू आलं.

यांनीही म्हटलं असेल. तोंड तर हललं होतं.