गुंडांनी लावलेली मेथी

गेल्या महिन्यात हक्कसोडपत्रावर सही करायला मला माहेरी बोलावलं होतं. माय आधीच गेली, बाबा मागच्या वर्षी गेले. सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं चढली होती: मोठा भाऊ, मग मी, मग लहाना भाऊ. आमच्याकडे बहीण सही देते, भाऊ साडीचोळी करतात आणि त्यावर कोणी बोलत नाही. फोन लहान्यानं केला. "बाई, सोमवारी ये. सही करून टाक. साऱ्याच बहिणी देतात."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि भांडी जरा जोरात घासली. जमीन मला नको होती. आसेगावला सासरी जी आहे तिचंच तण आवरत नाही. पण त्या दोघांच्या मधलं माझं नाव खोडलं जाणार, हे मला सहन होत नव्हतं. त्याला कारण आमचे गुंड.

रिठदजवळ आमचा भाजीचा मळा, आणि घर मळ्यातच. बाबा बाजाराला भाजी घेऊन रिसोडला जायचे. तिथला सीडी भाड्यानं देणारा माणूस आमच्या मेथीचा शौकीन होता. दोन जुड्यांच्या बदल्यात तो आठवडाभरासाठी एक सिनेमा द्यायचा. आता मेथीवर देणारा काय देणार, जो कोणी नेत नसे तोच द्यायचा. त्यामुळे आमच्या घरी कायम हिंदीत बोलणारे चिनी गुंड. ते हाँगकाँगचे, जपानचे की कोरियाचे, आम्हाला सगळे चायनीज. काळे कोट घालून ते एका टेबलाभोवती बसत, एकाच पेल्यातून पीत आणि एकमेकांचे भाऊ होत. मग त्या भावासाठी बोटं काय, जीवसुद्धा देत. आमच्या गावात भाऊबंदकी म्हणजे बांधावरचं भांडण. इथे तर रक्ताचं नातं नसलेले लोक भाऊ होण्यासाठी रांगेत उभे होते. आम्ही तोंडात बोट घालून बघायचो.

मग आम्हीही शपथ घेतली. दूध डेअरीला जायचं, म्हणून कोरा चहा, एकाच बशीत. मोठा तेव्हा चौदाचा असेल, मी अकराची, लहाना नऊचा. मोठ्यानं एक घोट घेतला आणि बशी माझ्यापुढे धरली.

"गँगमधी बाईमाणूस नसते," तो म्हणाला. "म्हून तू आजपासून भाऊ."

मी दुसरा घोट घेतला. तिसरा लहान्यानं, आणि तळाची चहापत्तीही त्यानंच खाल्ली. त्यानंतर कधीही चहा असाच व्हायचा, आणि घोटाचा नंबर कधी चुकला नाही.

एकच अडचण होती. टीव्ही आणि विहिरीवरची मोटर एकाच लाइनवर. लाइन आली की पडद्यावर गोळीबार सुरू आणि पाटात पाणीही सुरू. सुट्टीत बारं द्यायचं काम आम्हा पोरांकडे होतं, म्हणजे एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. उशीर झाला की मेथी बुडालीच म्हणून समजा. म्हणून पाळ्या लावलेल्या. एक जण पाण्यावर, दोघे सिनेमात. मी एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही. चिखलाच्या पायांनी धावत यायचं आणि विचारायचं, "कोण मेलं?"

त्यात मोठ्याची एक खोड होती. त्या सिनेमांत शेवट जवळ आला की पाऊस पडतो, हे ठरलेलं. पडद्यावर पाऊस सुरू झाला रे झाला की तो हुकूम सोडायचा, "दोघंई जा. पाट फुटला असन." पाट फुटलेला नसायचाच. शेवट त्याला एकट्याला हवा असतो, म्हणून आम्ही दोघं त्याच्या नावानं बोटं मोडत वाफ्यांवर उभे राहायचो. परत आलो की तो टीव्ही बंद करून बसलेला असायचा आणि काय झालं ते सांगायचा.

एका सिनेमात टोळीचा म्हातारा सरदार मरतो आणि त्याची दोन मुलं पावसात एका पुलावर समोरासमोर येतात. लहान्याच्या हातात पिस्तूल. तिथेच आम्हाला पाण्यावर पाठवलं. आलो तर मोठा म्हणाला, "लहान्यानं पिस्तूल समुद्रात फेकून देल्लं. मंग दोघं होडीत बसून गावाकडं गेले अन् भाजी लावली."

"कोणती?" लहान्यानं विचारलं.

"मेथी," तो म्हणाला.

आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माणूस सुधारला की मेथी लावणारच. हीच गोष्ट मी पुढे माझ्या लेकीला कितीदा सांगितली. या वेळी माहेरचा फोन आला त्या आठवड्यात तिनं तो सिनेमा मोबाइलवर शोधून काढला, आणि मी पहिल्यांदा तो सलग पाहिला. पुलावर लहाना मोठ्याला गोळी घालतो. होडी नाही, गाव नाही, मेथी तर नाहीच. लेक हसत सुटली. मला मात्र रडू आवरेना.

सोमवारी पोचले तेव्हा दोघे पडवीत बसले होते. कागद खाटेवर, शेजारी चहा. मी टेकायच्या आधीच मोठ्याला म्हटलं, "भाऊ, तू आमाले खोटं काहून सांगतलं?"

"काय खोटं?"

"पुलावरचं. लहान्यानं पिस्तूल फेकलंच नाई. त्यानं भावाले मारलं."

लहान्यानं मोबाइल खाली ठेवला. पस्तिशीला टेकलेला माणूस, पण चेहरा नऊ वर्षांच्या पोरासारखा पडला.

"मंग ती होडी?"

"होडी नव्हतीच."

"तुमी लेकरं होते वं," मोठा म्हणाला. "एका बशीत चहा पेऊन राह्यले होते. भावानं भावाले मारलं, हे कोणत्या तोंडानं सांगतो मी? मलेच दोन दिवस जेवण गेलं नाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की तोही चौदाच वर्षांचा होता, आणि असले सगळे शेवट त्यानं एकट्यानं पाहिले होते. आम्ही त्याला स्वार्थी म्हणत आलो. मला त्याची फार माया आली.

"पण काहून मारलं त्यानं?" लहान्यानं विचारलं.

"बापाच्या खुर्चीसाठी," मी म्हटलं. "दोघात वाटून घेऊ म्हणे मोठा. लहान्याले एकट्याले पायजे होती."

लहाना खाटेवरच्या कागदाकडे बघत राहिला. तेवढ्यात लाइन आली आणि विहिरीवर मोटर घरघरली. आता बाकी मळ्यात ठिबक आहे, पण मेथीला अजून पाटाचंच पाणी. त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात कोंबली.

"रायू दे तुहं नाव," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जाय, मेथीचं बारं तुहं हाये."

कचेरीत जायला नेसलेली चांगली साडी मी खोचली आणि गेले. वाफा भरला, पाणी वळवलं, चिखलाच्या पायांनी परत आले. खाटेवर चहानं भरलेली एकच बशी होती. मोठ्याचा घोट घेऊन झाला होता. लहाना बशीकडे बघत तसाच बसला होता. माझ्यानंतर त्याचा नंबर होता.