पाचशे शब्द आले की नेतो

अकरावीला इंग्रजीत दोनदा नापास झाले आणि लगेच घरात इंग्रजीची मास्तरीण झाले. आमच्या घरात पात्रता अशीच पाहत.

दादा रशियात इंजिनिअर व्हायला गेला होता, तो येताना तिथली बायको घेऊन आला. तिला देवळाली प्रवऱ्यात आमच्याकडे सोडलं आणि स्वतः कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात रुजू झाला. जाताना मला म्हणाला, "कॉलनीत साहेबांच्या बायका इंग्रजी बोलतात. माझं हसं व्हायला नको. हिला पाचशे शब्द आले की नेतो." वहिनीला त्याने हेच रशियनमध्ये सांगितलं. ती हसून मान हलवत राहिली.

मी शिकवायला लागले ते आमच्या मास्तरांच्या पद्धतीने. आधी शब्द, मग स्पेलिंग, मग मराठी अर्थ. अर्थ मराठीतच यायला हवा, नाहीतर शब्द पाठ झाला असं आमच्या शाळेत कुणी मानत नसे. समोरच्या बाईला मराठीही येत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. एका शब्दासाठी बिचारी दोन भाषा घोकायची. "विंडो म्हंजे खिडकी." वहीत प्रत्येक शब्दावर बारीक रशियन अक्षरांत उच्चार लिहायची. 'ह' तिच्या घशात खरखरायचा. शेजारणी ओसरीवर येऊन मुद्दाम म्हणायच्या, "हाऊस म्हण की गं," आणि तोंडाला पदर लावायच्या. सगळ्यात आधी मी हसायचे.

शाळेत चुकलं की छडी. वहिनीला छडी कशी मारणार? मी ठरवलं, चुकेल त्या शब्दाला विहिरीवरून एक हंडा. पाणी भरणं हे माझं काम होतं, आणि वहिनी हाडापेराने दणकट. तिच्या चुका वाढल्या की माझी कंबर वाचते, हे मला इंग्रजीपेक्षा फार लवकर समजलं. मग मी भरभर विचारायला लागले, शब्द नीट ऐकू जाऊ नये म्हणून मधेच खोकायला लागले.

आई चुलीपुढून म्हणायची, "हळू शिकीव गं. लई दिसांनी हाताखाली कुनीतरी आलंय."

तरी पाडव्यापर्यंत तिचे पाचशे झाले. दादाला पत्र गेलं, दादा आला. वहिनीने आदल्या दिवशीच ट्रंक भरून ठेवली होती. ओसरीवर दादा म्हणाला, "वीस विचार. एकही चुकायला नको."

सतरा तिने धडाधड सांगितले, अर्थासकट. मी आईकडे पाहिलं. आई हंड्याकडे पाहत होती. उरलेले तीन मी असे विचारले, जे कधी शिकवलेच नव्हते. त्यातला एक तर मलाही नीट येत नव्हता.

वहिनीने वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग वही दादापुढे ठेवली. "ह्यात न्हाईत."

दादाने वहीला हात लावला नाही. "परीक्षेत बाहेरचंही विचारतात. दिवाळीला पाहू."

"बरं झालं," आई म्हणाली. "उन्हाळ्यात पान्याचे लई हाल असत्यात."

वहिनी दादासमोर उभी राहिली. शांतपणे, आमच्याच मराठीत बोलली. "तुमी आमच्याकडं आला तवा माझ्या भाषेतले किती शब्द येत हुते? ब्रेड आन् धन्यवाद. माझ्या आईनं इचारलं, ह्यो मुका हाय का? मी म्हनलं, शिकंल. परीक्षा घेतली न्हाई मी."

"चारचौघांत तमाशा नको," दादा म्हणाला आणि दुपारच्या गाडीने एकटाच गेला.

वहिनीने ट्रंक रिकामी केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलून अंगणात आली.

"कुठं निघालीस?" आईने विचारलं.

"नवऱ्याकडं, आत्याबाई."

"एवढ्या लांब? वाटंत तुझं बोलनं कुनाला कळनार?"

"कंडक्टरला मराठी येत आसंल की."

पाया पडली. मग वळून रिकामा हंडा उचलला आणि माझ्या पायाशी ठेवला. "घ्या वन्सं. पी-ओ-टी, पॉट. अर्थ सांगा."

आई माझ्याकडे पाहत होती. चूल पेटलेली, घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी हंडा उचलला.