पसंतीक्रमाचा कौल

बारावीनंतर मला पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज हवं होतं. हवं म्हणजे अगदी जीव टाकून हवं होतं. मागचे सगळे कटऑफ मी तोंडपाठ केले होते. माझं पर्सेंटाइल त्यांच्या किंचित वर, म्हणजे चान्स चांगला होता. पण बाबांचा कटऑफवर काडीचा विश्वास नाही. "गेल्या वर्साच्या पोरांचे मार्क घेवन माका काय करूचा आसा?" म्हणाले, आणि मला गावच्या देवळात कौल लावायला घेऊन गेले.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं गाऱ्हाणं त्या देवानं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असेल. गुरव खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक पुण्याक शिकूचा आसा, तेका वाट दाखव रे म्हाराजा!" मागून बाबा आणि काका ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग मूर्तीवर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांकडे आम्ही टक लावून बसलो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

डावी पडली. पंखा डावीकडचीच पाकळी हलवत होता, पण देवळात हे बोलायची सोय नव्हती.

घरी येऊन बाबांनी अर्जात जवळचं कॉलेज पहिलं टाकलं आणि पुणं दुसरं.

"बाबा, पयला गावला काय ताच पक्का होता! मगे पुण्याचा कोण इचारूचो नाय," मी अक्षरशः किंचाळले. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश तिथंच पक्का, असा नियमच होता. "पुणा वर ठेवा. नाय गावला तर खालचा आसाच."

"आदी थोडा मागूचा, मगे मोठा. देवाकडे काय नि सरकाराकडे काय, हावरेपणा बरो नाय," म्हणत त्यांनी अर्ज पाठवूनही दिला.

पहिल्याच फेरीत जवळचं कॉलेज लागलं आणि पक्कं झालं. पुण्याचा कटऑफ माझ्या पर्सेंटाइलच्या खाली आला होता. असा संताप आला म्हणून सांगू! ताटावरून उठले, भोकाड पसरून रडले आणि तो कटऑफ बाबांच्या नाकासमोर धरला. बाबांनी मोबाइल हातात घेऊन तो आकडा दोनदा वाचला. आता तरी चूक कळेल, असं मला वाटलं.

त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले.

"बघ गो. देवान सांगल्यान ना, पुणा गावूचा नाय? गावाक नाय."

पडवीतून काका म्हणाले, "व्हय म्हाराजा."